परंड्याचा उन्हाळा, वळीव आणि वेधशाळेचें भाकित

“येत्या सात दिवसांत कमाल तपमान ४० ते ४२ अंशांच्या दरम्यान राहील, दुपारनंतर आकाश अभ्राच्छादित होऊन तुरळक ठिकाणीं विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा व हलका पाऊस यांचा संभव आहे.” अशा आशयाचें भाकित परंडा तालुक्याकरितां चैत्र-वैशाखांत कितीदां तरी प्रसिद्ध होत असतें. ऐकणारा तें ऐकतो, क्षणभर आभाळाकडे पाहतो आणि आपल्या कामास लागतो. कचेरीच्या कोरड्या भाषेंतील या दोन ओळींत इतिहासासारखें असें काय असणार, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु ज्या गांवास उद्देशून त्या उच्चारल्या जातात, त्याच गांवाच्या तटाखालीं १६३४ सालच्या उन्हाळ्यांत मोगल बादशहाची एक बलाढ्य फौज जेरीस आली आणि पावसाळा तोंडावर येऊन ठेपतांच वेढा उठवून चालती झाली. त्या फौजेजवळ तोफा होत्या, सुरुंग लावणारे कसबी लोक होते, खजिना होता. नव्हता तो पुढच्या आठवड्याच्या हवेचा अदमास. श्रोतेहो, त्या वेढ्याची आणि या दोन ओळींची गांठ कोठें पडते, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम हा मुलूख कसा आहे तें पाहूं. परंडा हें धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे २०२३ पर्यंत ज्यास उस्मानाबाद म्हणत त्या जिल्ह्याच्या, अगदीं पश्चिमेच्या टोकाचें गांव. पश्चिमेस सीना नदी वाहते व तिच्या पलीकडे करमाळ्याचा मुलूख लागतो. दक्षिणेस माढा, पूर्वेच्या अंगास बार्शी. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे आपलें बहुतेक पाणी सह्याद्रीवर रितें करतात, आणि घाटमाथा ओलांडून इकडे येईतों त्यांच्या पखाली जवळजवळ रिकाम्या झालेल्या असतात. म्हणून हा रब्बीचा, ज्वारीचा आणि कडब्याचा देश. जमीन काळी व चिकण. पावसाळ्यांत तींत गाडा रुतला तर चार बैलांना हलत नाहीं, आणि वैशाखांत तिला अशा भेगा पडतात कीं, गुराचा पाय अडकावा. हीच काळी जमीन दिवसभर ऊन पिऊन तापते, तिच्यालगतची हवा तापून हलकी होते व वर चढूं लागते. त्या चढत्या हवेस अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागराकडून आलेली थोडीशी ओल मिळाली, कीं दुपारीं दोन-तीनच्या सुमारास क्षितिजावर पिंजलेल्या कापसाच्या राशींसारखे ढग उभे राहतात, आणि पाहतां पाहतां त्यांचे शेंडे १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत जातात. त्या उंचीवर बारीक गारा आणि बर्फाचे स्फटिक एकमेकांवर आदळून ढगांत विजेचा सांठा होतो. पावसानें थंड झालेली जड हवा ढगांतून खालीं कोसळून जमिनीवर चोहोंकडे पसरते, तोच पावसाआधींचा गार, धुळीनें भरलेला झोत. मग टपोरे थेंब, क्वचित् गारा, आणि अर्ध्या-पाऊण तासांत सारें शांत. हाच वळीव.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अलीकडे वृत्तपत्रांत उन्हाळ्यांतील प्रत्येक सरीस ‘अवकाळी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शेतकरी असा घोटाळा करीत नाहीं. माघ-फाल्गुनांत, ज्वारी कणसांत असतांना किंवा खळ्यावर पडली असतांना येतो, तो अवकाळी. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर गारपिटीचा जो कहर कोसळला, तो त्यांतला. परंतु रास घरीं आल्यानंतर, नांगरट होऊन ढेकळें उन्हांत तापत पडलीं असतांना जो येतो, तो वळीव. तो ढेकळें विरघळवितो, कुळवाचें काम हलकें करतो, आडांना नाहीं तरी जिवाला पाणी देतो. नुकसान तोही करतो; आंबा झाडतो, पत्रे उडवितो, गंज भिजवितो, वीज पाडतो. पण तो वेळेवर आलेला असतो. घरच्या तापट माणसास कोणी दरोडेखोर म्हणत नाहीं.

आतां किल्ल्याकडे वळूं. परंड्याचा किल्ला भुईकोट आहे. त्यास डोंगराचा आसरा नाहीं, सारा भरंवसा तट, खंदक व तोफा यांवर. बहामनी अमदानींत, महमूद गवानाच्या काळीं तो बांधला गेला असें मानतात. पुढें तो निजामशाहींत आला. १६०० सालीं मोगलांनीं अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून राज्याचा गाडा पुन्हां चालूं केला, तो येथूनच. म्हणजे कांहीं काळ हें लहानसें गांव एका राज्याची राजधानी होतें. विजापूरच्या तटावर आज जी ‘मुलूखमैदान’ तोफ आहे, ती १५४९ सालीं अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी या कारागिरानें ओतली. ती परंड्यास होती आणि १६३२ सालीं मुरारपंतानें ती विजापुरास नेली. तिच्या जोडीची दुसरी तोफ वाटेंत नदींत बुडाली, अशी दंतकथा आहे. त्या तोफेचें नांव ‘कडकबिजली’. दंतकथा खरी असो वा नसो, वैशाखांत परंड्याच्या आभाळाखालीं एकदां उभ्या राहिलेल्या माणसास हें नांव कोणाला कसें सुचलें, हें विचारावें लागत नाहीं.

१६३० सालीं दक्षिणेंत व गुजराथेंत पाऊस पडला नाहीं, आणि त्यांतून जो दुष्काळ उद्भवला त्याची गणना हिंदुस्थानांतील अत्यंत भयंकर दुष्काळांत होते. नेमका त्याच वेळीं बादशहा शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेकरितां बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याचा सरदार आजमखान यानें १६३१ च्या आरंभीं धारूरचा किल्ला घेतला आणि त्या उत्साहांत तो परंड्यावर चालून आला. परंडा पडला नाहीं. घोड्यांस व बैलांस वैरण मिळेना. अखेर वेढा उठवून आजमखानास धारूरकडे परतावें लागलें. दुष्काळाच्या वर्षीं वैरण मिळूं नये यांत नवल नाहीं, असें म्हणून मोगलांनीं ही गोष्ट सोडून दिलेली दिसते. परंतु परंड्यास उन्हाळ्यांत वैरण न मिळण्याकरितां दुष्काळच पडावा लागतो, असें नाहीं.

पुढें १६३२ सालीं परंड्याच्या किल्लेदारानें किल्ला विजापूरकरांच्या स्वाधीन केला. १६३३ च्या जूनमध्यें महाबतखानानें दौलताबाद जिंकून अहमदनगरची निजामशाही जवळजवळ संपविली आणि विजापूरवर चालून जाण्याआधीं वाटेंतील परंडा घ्यावा असा बेत ठरला. बादशहानें आपला मुलगा शहाशुजा यास मोठी फौज देऊन पाठविलें. शहाजाद्यास अठरा वर्षेंही पुरीं झालेलीं नव्हतीं. खरा कारभार वृद्ध महाबतखानाचा. १६३४ चा हिंवाळा सरतां सरतां किल्ल्यास मोर्चे लागले. सुरुंग खणण्यास आरंभ झाला. आंतल्या लोकांनीं कांहीं सुरुंगांचा माग काढून ते निकामी केले. एक उडून बुरुजाचा भाग ढासळला, तरीही मोगलांना आंत शिरतां आलें नाहीं. बाहेरून रणदुल्लाखान व मुरारपंत यांच्या विजापुरी घोडदळानें मोगलांच्या छावणीभोंवतीं घिरट्या घालण्यास सुरुवात केली. तिकडे शहाजीराजे पेमगिरीस निजामशाहीचा नवा वारस गादीवर बसवून मोगलांच्या पाठीवर उभेच होते.

या वेढ्याची हकीकत अब्दुल हमीद लाहोरी यानें ‘पादशाहनामा’ या बादशाही बखरींत नमूद केली आहे, आणि पुढील इतिहासकारांनीं बहुधा तिच्यांतील एका गोष्टीवर भर दिला. ती गोष्ट म्हणजे सरदारांतील भांडण. महाबतखान एकदां शत्रूच्या कचाट्यांत सांपडला असतांना खानदौरान या सरदारानें त्याची सुटका केली. तिचा तोरा त्यानें मिरविला. महाबतखानास तें सहन झालें नाहीं. फौजेंत फळी पडली. हें सारें खरें आहे. परंतु माझ्या मतें हें भांडण रोगाचें लक्षण होतें, रोग नव्हे. रोग छावणीच्या दावणीला होता. एका घोड्यास दाणावैरण मिळून दिवसाकाठीं आठ-दहा किलो लागतें. त्यांत हत्ती, उंट, तोफा ओढणारे बैल आणि बंजाऱ्यांचे तांडे यांची भर घाला. चैत्र लागला म्हणजे परंड्याच्या माळावर हिरवें असें कांहीं उरत नाहीं. जें काय असतें तें गांवोगांव रचलेल्या कडब्याच्या गंजींत. आणि त्या गंजी वेढ्याच्या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच संपल्या असल्या पाहिजेत. मग कहीला जाणाऱ्या टोळ्यांना रोज अधिक दूर जावें लागलें. छावणीपासून कित्येक कोसांच्या परिसरांत ना गवत राहिलें ना सरपण. कही जितकी दूर जाई तितकी ती विजापुरी घोडेस्वारांच्या तोंडीं पडे. तिच्या रक्षणाकरितां स्वतः मोठे सरदार फौज घेऊन जात, आणि ज्या चकमकींतून तें प्रसिद्ध भांडण माजलें, त्या या कहीपायींच झालेल्या आहेत. मूठभर कडब्यासाठीं बादशाही सेनापती जिवावर उदार होत होते, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

उन्हाळा असा अंगावर येत असतां दुसऱ्या बाजूनें पावसाचें भय दाटत होतें. वळवाच्या एका सरीनें सुरुंगांत पाणी शिरतें, दारू सर्द होते, काळ्या रानांत तोफेचीं चाकें रुततात. हें झालें छावणीपुरतें. त्याहून मोठी धास्ती परतीच्या वाटेची. परंड्याहून बऱ्हाणपुरास जावयाचें म्हणजे गोदावरी ओलांडावी लागते आणि शेवटीं तापी आडवी येते. या नद्यांना एकदां पूर आला, कीं अर्धपोटी फौज शत्रूच्या मुलुखांत चार महिने अडकून पडणार. तेव्हां महाबतखानानें शहाजाद्यास वेढा उठविण्याचा सल्ला दिला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सारी फौज बऱ्हाणपूरच्या वाटेला लागली. बादशहाची मर्जी गेली, शहाशुजास परत बोलावून घेण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत महाबतखान बऱ्हाणपुरास मरण पावला. १६३६ च्या तहांत परंडा विजापूरकडेच राहिला. तो मोगलांस मिळाला १६६० सालीं. आणि तोही वेढा घालून नव्हे, तर किल्लेदार फितवून. दोन वेढ्यांच्या अनुभवानें मोगलांना एवढें शहाणपण आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पाऊस केव्हां येणार हें महाबतखानास कशावरून कळलें? अर्थात् पंचांगावरून व लोकांच्या तोंडून. सूर्य कोणत्या नक्षत्रांत आहे, यावरून आपल्याकडील कुणबी कामाची वेळ ठरवीत आला आहे. भरणी, कृत्तिका हीं तापाचीं नक्षत्रें. रोहिणींत वळवाचा जोर. मृग लागला कीं पेरणीची तयारी. सहदेव-भाडळीच्या नांवानें चालत आलेलीं वचनें, पाडव्याचें संवत्सरफल, नक्षत्राचें वाहन बेडूक कीं गाढव, हें सारें त्याच परंपरेंतलें. आधुनिक मंडळी यास हंसतात. मला तसें हंसूं येत नाहीं, कारण नक्षत्रांची पद्धति म्हणजे मुळांत शेंकडों वर्षांच्या अनुभवाची सरासरी आहे. अमुक सुमारास पाऊस बहुधा येतो, इतकें ती खरेंच सांगते. यंदा येईल कीं नाहीं, मंगळवारीं येईल कीं शुक्रवारीं, हें तिला सांगतां येत नाहीं. शिवाय तिच्यांत एक बारीक खोड आहे. आपलीं नक्षत्रें ताऱ्यांना बांधलेलीं आहेत, ऋतु मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण चलनास. आणि अयनचलनामुळें या दोहोंत सुमारें सत्तर वर्षांत एक दिवसाचें अंतर पडतें. आज मृग ७-८ जूनला लागतो. शहाशुजाच्या वेळीं तो आजच्या कालगणनेनें पांच-सहा दिवस आधीं, म्हणजे जूनच्या अगदीं आरंभीं लागत होता. तेव्हां मे महिन्याच्या अखेरीस छावणींत जी घाई उडाली, ती पंचांगाच्या दृष्टीनें योग्यच होती. पण सरासरीवर भिस्त ठेवणाऱ्यास नेहमींच वेळेपूर्वीं निघावें तरी लागतें किंवा वेळ टळल्यावर पस्तावावें तरी लागतें.

सरासरी सोडून यंदाच्या हवेचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न हिंदुस्थानांत सुरू झाला, तोही दुष्काळाच्याच धक्क्यानें. १८७५ सालीं सरकारी हवामानखातें निघालें व एच. एफ. ब्लॅन्फर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळली. परंडा तेव्हां निजामाच्या राज्यांत, नळदुर्ग जिल्ह्यांत होतें. त्याच्या तिन्ही बाजूंस मात्र सोलापूरकडील इंग्रजी मुलूख. सरहद्द माणसांनीं आंखलेली. आभाळास ती ठाऊक नव्हती. पाऊस आधीं सांगतां येईल काय, अशी विचारणा सरकारनें ब्लॅन्फर्ड यांस केली, आणि हिमालयावरील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमाचा अंदाज करून १८८६ सालीं पहिलें दीर्घ मुदतीचें भाकित काढण्यांत आलें. १९०४ पासून वीस वर्षें या खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनीं साऱ्या पृथ्वीवरील हवेच्या दाबाचे आंकडे ताडून पाहिले, व पॅसिफिक महासागराच्या दोन बाजूंच्या दाबांची तराजूसारखी वरखालीं होणारी चाल शोधून काढली. आपल्या मोसमाचा संबंध आज जिच्याशीं लावतात, ती हीच. १९२८ सालीं खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९३२ सालीं तेथेंच शेतीच्या हवामानाची शाखा निघाली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं हवेचें वर्तमान नभोवाणीवरून सांगितलें जाऊं लागलें.

पण मोसम ही एक गोष्ट आणि वळीव ही दुसरी. मोसमी पाऊस हजारों मैलांचा प्रवास करून येतो. त्याची चाहूल समुद्रावर लागते. वळवाचा ढग आठ-दहा मैलांचा. तो दुपारीं जन्मतो आणि दिवेलागणीला विरतो. उद्यां या तालुक्याच्या हवेंत ढग उभे राहण्याजोगी ओल व उष्णता आहे, इतकें आज सांगतां येतें. पण ढग आसूवर फुटेल कीं डोमगांवावर, हें आदल्या दिवशीं सांगणें कोणासही साधलेलें नाहीं. म्हणून तर ‘तुरळक ठिकाणीं’ हा शब्द. ऐकणाऱ्यास ती वेधशाळेची पळवाट वाटते. वस्तुतः त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. त्या विभागांतील पावसाच्या नोंदीच्या ठिकाणांपैकीं फार तर चौथ्या हिश्शांत पाऊस होईल असें वाटतें, तेव्हां ‘तुरळक ठिकाणीं’ म्हणावयाचें; चौथ्या हिश्शाहून अधिक पण निम्म्यापर्यंत असेल तर ‘कांहीं ठिकाणीं’; पाऊणपट ठिकाणांपर्यंत असेल तर ‘बऱ्याच ठिकाणीं’. म्हणजे ‘तुरळक’ म्हटल्यावर चारांतील तीन गांवें कोरडीं राहिलीं, तरी भाकित खरेंच ठरलें. हा अर्थ मात्र शेतकऱ्यास कोणी नीटपणें सांगत नाहीं, हा दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा तो घालावा. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल असे इशाऱ्याचे चार रंग अलीकडे झाले आहेत. रंग पाहून लोक अधिक सावध होतात, हें मान्य केलें पाहिजे.

दिवसाचें भाकित जेथें थांबतें तेथें तासाचें सुरू होतें. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनें विजा टिपणाऱ्या यंत्रांचें जाळें उभारलें आहे व ‘दामिनी’ या नांवाची सोय केली आहे. आपल्या आसपास वीज पडत असली तर हातांतील फोन तसा इशारा देतो. याच संस्थेनें २०१८ व २०१९ सालीं शेजारच्या सोलापुरास तळ देऊन तेथल्या ढगांवर कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, ते या पर्जन्यछायेच्या टापूंतील ढग कसे वागतात हें पाहण्याकरितांच. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीगणिक हवेचा अंदाज देण्याची योजना सुरू झाली, आणि मे २०२५ मध्यें सहा किलोमीटरांच्या चौकोनांत देशाची हवा मांडणारी नवी गणनपद्धति हवामानखात्यानें स्वीकारली. सहा किलोमीटर म्हणजे परंड्याच्या शिवारांतून शेजारच्या गांवाच्या शिवारांत जावयाचें तेवढेंच अंतर.

हें सारें कशासाठीं, तर देशांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें विजेनें मरतात, आणि त्यांतील फार मोठा भाग शेतांत काम करणारांचा असतो. वळीव आला कीं गंज झांकावयास धावणारा, शेळ्या हांकीत बाभळीखालीं आसरा घेणारा, ओल्या बांधावरून बैल सोडावयास जाणारा, हीच तीं माणसें. चार वेळां ढग गडगडून तसेच गेले, कीं पांचव्या वेळीं इशाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. आणि झाडाखालीं उभें राहूं नये हें ठाऊक असूनही, कडबा भिजला तर वर्षभर बैलांनीं खावें काय, हा प्रश्न विजेच्या भयाहून मोठा ठरतो. महाबतखानाच्या फौजेला जो कडबा पुरला नाहीं, तोच हा कडबा. त्या फौजेस बऱ्हाणपूरची वाट तरी मोकळी होती.

शेवटीं २०२५ सालची हकीकत सांगतों. त्या वर्षीं मे महिन्यांत वळवानें असा मुक्काम ठोकला कीं, नांगरटीला व कुळवणीला वाफसाच मिळेना. त्यांतच मोसमी पाऊस २४ मे रोजीं केरळांत व २६ मे रोजीं मुंबईस येऊन पोंचला, आणि वळीव कोठें संपला व मोसम कोठें सुरू झाला, हें ओळखणें जुन्याजाणत्यांसही जड गेलें. रोहिणी नक्षत्र नुकतें लागलें होतें. मृगाला जवळजवळ पंधरवडा होता. पेरणीची घाई करूं नका, असें शेतीखातें सांगत होतें. जमीन मात्र भिजलेली होती, आणि भिजलेली जमीन पाहून हात आंवरणें सोपें नसतें. मग मेच्या अखेरीस मोसमाची चाल थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत. पुढें सप्टेंबरांत सीनेस महापूर आला, परंडा तालुक्यांतील गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं, आणि पर्जन्यछायेच्या या देशांतून माणसें हेलिकॉप्टरानें उचलून न्यावीं लागलीं.